डावीकडचं कोठार

हा शेवटचा ओंडका बसवायचा की नाही ते ठरेपर्यंत मी भिंतीवर बसून तो एका गुडघ्याने दाबून धरला आहे, आणि दुसऱ्या गुडघ्यावर कागद ठेवून तुला लिहितो आहे.

प्रिय गुनवोरताई, नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? हेल्गेभाऊजींचं ऐकू येणं सुधारलं का (की अजून सोयीपुरतंच)? इथे सगळे ठीक. माझे दात बसले.

तर, मी माझं कोठार गावच्या इतिहास मंडळाच्या म्युझियमाला दिलं, हे तुला माहीत आहे. आजोबांनी जुळी बांधली, एक तुझं, एक माझं, आणि मी देतो म्हणालो तेव्हाच तू बजावलंस की तू जिवंत असेपर्यंत तुझ्या कोठाराचा खिळाही हलता कामा नये. मी मंडळाच्या अध्यक्ष योर्दिसबाईंना स्पष्ट सांगितलं, डावीकडचं न्या. आपल्याकडे डावं-उजवं तळ्याकडून मोजतात, कारण चर्चला आपण नावेतून जायचो आणि नावेतूनच परत यायचो. योर्दिसबाई लग्न करून वरच्या जंगलातून आल्या. त्यांना तळं ठाऊक नाही, रस्ता ठाऊक आहे. त्या ट्रॅक्टर घेऊन रस्त्याने आल्या आणि त्यांच्या डावीकडचं नेलं. मी तेव्हा दातांसाठी शहरात होतो. काम त्यांनी फार नीट केलं. प्रत्येक ओंडक्याला क्रमांक, प्रत्येक सांध्याचं चित्र. तुझी खाट आणि रजईसुद्धा क्रमांक घालून आणली.

मला हे आज कळलं. ओंडका वर चढवला तर आतल्या बाजूला, खाटेवर उभं राहून हात पोचेल तिथे, चाकूने कोरलेली तीन नावं: ओलोफ, येरेमियास, टूरे. अक्षर तुझं. मी तसाच उठून आपल्या अंगणात गेलो आणि दोन्ही हात पसरून उभा राहिलो. आधी तळ्याकडे तोंड करून, मग रस्त्याकडे. (टपालवाली मला हात हलवून गेली.) अजूनही मला खात्री नाही की माझं कोणतं; पण उरलेल्यात नावं नाहीत.

"मग हे पुन्हा सोडवून परत नेऊ," मी म्हणालो.

"आणि सांधे दुसऱ्यांदा फुटले की त्याची चूल पेटवू, होय ना सिग्वार्ड?" योर्दिसबाई म्हणाल्या. उद्या उद्घाटन आहे. जिल्ह्याचे लोक येणार आहेत, आणि म्युझियमातल्या बाकीच्या चार घरांची छपरं त्यांच्या मदतीवर अवलंबून आहेत. शिवाय त्या हरखल्या आहेत. उन्हाळ्यात मुली कोठारात झोपायच्या आणि मुलगे शिडीने भेटायला यायचे, याचा लेखी पुरावा म्हणे दुसरा कुठेच नाही.

त्यांचा नवरा वाल्टर खाली दोर धरून आहे. तो आधी म्हणाला, "रंधा मारू या, कशाला भानगड." मग शिडी चढून नावं दोनदा वाचली आणि खाली जाऊन शीळ घालू लागला. आता त्याची हरकत नाही.

तुझा भाऊ,
सिग्वार्ड

ता. क. पाटीवर 'सिग्वार्ड यांची देणगी' असं कोरून झालं आहे. तेवढं चालवून घे.

ता. क. २. खरं विचारायचं ते हे: तीन नावांत भाऊजींचं नाही. ओंडका बसवू का? उत्तर लवकर दे, गुडघा दुखतो आहे.

ता. क. ३. पत्र टाकायचं राहून गेलं. संध्याकाळी आम्ही ओंडका बसवला. आज सकाळी उद्घाटनाला तू भाऊजींना घेऊन थेट म्युझियमातच आलीस, खाटेवर चढलीस, नावं वाचलीस आणि "एक राहिलं" म्हणून माझा चाकू मागितलास. मला वाटलं, हेल्गे. भाऊजींनाही तसंच वाटलं. ते चष्मा पुसू लागले. तू 'वाल्टर' असं कोरलंस. उद्घाटन एक तास उशिरा झालं. योर्दिसबाई हे पत्रही संग्रहासाठी मागताहेत. देऊ का?