काच धुवायचं पाणी

विनेमका, नेवाडा
१२ मार्च १८७९

प्रिय विनी,

"टॅबी, तू मला ज्याच्यापासून अडवशील ना, ते डोळे मिटून करायचं, एवढं मी शिकलेय." मी एझ्राशी लग्न करू नकोस म्हणाले, तेव्हा गाईचं दूध काढता काढता, माझ्याकडे न बघता तू असं म्हणाली होतीस. आणि सोळा वर्षं सुखाचा संसार करून मला खोटं पाडलंस. तरी आज पुन्हा तुला अडवायला बसले आहे.

तुम्ही सगळे खुशाल असाल. लेकीचा, फीबीचा, खोकला गेला का? इकडे वाऱ्याने ओरिनची छाती भरते, तरी माझा नवरा कॅमेरा घेऊन हिंडतोच. बाकी ठीक. तू विणलेले मोजे पोचले. तो झोपतानाही काढत नाही.

तुझं पत्र सोमवारी आलं. शेत विकलंत, एप्रिलच्या दहा तारखेला इकडे यायला निघताय. आयोवातल्या त्या जमिनीच्या एजंटच्या खिडकीत 'रुपेरी सरोवराचं खोरं' हा फोटो पाहिलात, कोपऱ्यात ओरिनचं नाव पाहिलंत, आणि एझ्रा म्हणाला, "घरच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेली जमीन. आणखी काय बघायचं?"

विनी, येऊ नका. तिथे सरोवर नाही.

आम्ही ज्या काचेवर फोटो घेतो, तिला निळा रंग समजत नाही. आभाळ पांढरंच उमटतं. त्या खोऱ्यातली खारी माती मुळातच पांढरी. काच धुऊन उजेडात धरली, तर डोंगराच्या पायथ्याशी सपाट, चकचकीत असं काही पसरलेलं. मीच ओरडले, "अगंबाई, हे तर तळं!" ओरिन हसून म्हणाला, "मग पिंपं कशाला आणली? इथेच बुडवली असती काच." कारण काच धुवायला लागणारं पाणी आम्ही बावीस मैलांवरून खेचरांवर लादून नेलं होतं. काच धुतल्यावरचं रसायनांचं विषारी पाणी ओतलं, तर खेचरं जीव खाऊन त्याच्याकडे ओढ घेत होती. लगाम धरून धरून ओरिनचे तळवे सोलले. असं ते खोरं.

जमीन विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला तो फोटो आवडला. मग त्यांच्या चित्रकाराने...

नाही. हे खोटं मी आधी तीन कागदांवर लिहिलं आणि फाडलं. चित्रकार मीच, विनी. काचेवरचे डाग पेन्सिलीने मीच भरते, तुला ठाऊक आहे. कंपनीचा माणूस म्हणाला, "तळं जरा फिकं वाटतंय, बाई." ओरिन तेव्हा सर्वेक्षणवाल्यांबरोबर दूर होता. मी काचेवर त्या तळ्यात डोंगराचं उलटं प्रतिबिंब काढलं. चहा गार होईपर्यंतचं काम. फार सुरेख जमलं म्हणून ओरिनचं नावही मीच घातलं.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही त्या बाजूने गेलो. मातीच्या ढेकळांचं एक घर दिसलं. आतून बाई आली, मिसेस लुंड. "या ना, उन्हात काय उभ्या? माणसाचं तोंड पाहून महिना झाला." तिने अर्धा कप पाणी दिलं. चाळीस फूट खणून लागलेलं, साबणासारखं कडू. मी विचारलं, मुलं किती? "दोन. तीन होती. धाकटीला हे पाणी सोसलं नाही."

आतल्या भिंतीवर माझा तो तळ्याचा फोटो होता. खिळे महाग म्हणून काट्यांनी टोचलेला.

"यंदा आटलंय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी भरेल. फोटोत आहे ना."

मी तो कप संपवला. बाहेर आल्यावर ओरिनला सांगितलं, फोटोतलं ते पाणी मी काढलंय. तो गाडीत चढला आणि खेचरं हाकली.

तो फोटो काढून टाका म्हणून कंपनीच्या माणसाला मी गाठलं, तर तो हसला. "बाई, कोपऱ्यात नाव तुमच्या नवऱ्याचं आहे, माझं नाही. तो कुठे राहतो ते जमीन घेतलेल्या लोकांना सांगू?" तेव्हापासून दार वाजलं की मी आधी ओरिनला मागच्या खोलीत पाठवते. काल तर पोस्टमन होता.

तुला पटणार नाही, म्हणून एक सांगते. पुन्हा त्या खिडकीशी जा. डावीकडे काठावर एक वाळकं झाड आहे. पाण्यात डोंगर दिसेल, झाड दिसणार नाही. ते मी काढायला विसरले. इतक्या लोकांनी पाहिलं, एकाच्याही लक्षात आलं नाही.

हे पत्र एझ्राला वाचून दाखव. हवं त्याला दाखव, माझ्या नावासकट. तरी तू म्हणशील, टॅबीला आपलं बरं झालेलं बघवत नाही, आणि ट्रंक बांधशील. मी तुला ओळखते.

मग एवढं तरी कर. येणारच असाल, तर फीबीला सासूबाईंकडे ठेव, तुम्ही इथे खणाल त्या विहिरीचं पाणी मी स्वतः चाखून कळवेपर्यंत. तिला सोडून तू एक रात्रही राहिली नाहीस, नाहीच म्हणशील. तरी मागते. तिला आणू नकोस.

तुझी,
टॅबी