सावकाश काकांचा ‘स’

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. दोन ओळींचा निरोप लिहायचा म्हटलं तरी जिला घाम फुटतो, ती मी आज चार दिवस जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या खिडकीशी बसून हे लिहिते आहे. अक्षरं अजूनही माझ्यापुढे सरळ उभी राहत नाहीत, तेव्हा जिथे अडशील तिथे अंदाजाने पुढे जा. ऱ्हस्व-दीर्घाचं तर नावच काढू नकोस.

मी मजेत आहे. काम तेच, कवळ्यांचं. साचा ओतायचा, मेणात दात बसवायचे, घासायचं, चकाकी आणायची. हात गुंतलेले आणि कान मोकळे, त्यामुळे दिवसाचे सहा-सात तास पुस्तकं ऐकते. तीन वर्षांत एकशे चाळीस झाली. ‘हिच्याच्याने एक पुस्तक वाचून व्हायचं नाही’ असं आईला शाळेत बोलावून सांगणाऱ्या बाई आज भेटायला हव्या होत्या.

आणि इतकं ऐकल्यावर माणूस चोखंदळ होतोच. आता मला पुस्तकाच्या आधी वाचणारा कोण ते बघावं लागतं. एक गृहस्थ आहेत, मी त्यांना खोकला मास्तर म्हणते. गोष्टीत म्हातारा आला की हे खोकलेच. एका कादंबरीत सात म्हातारे होते. मला मध्येच गरम पाणी प्यावंसं वाटायला लागलं. एक बाई प्रकरणाचा आकडा असा सांगतात, जणू कुणी गेल्याची बातमी देताहेत. काही पुरुष बाईचं बोलणं आलं की आवाज चिमटीत धरल्यासारखा बारीक करतात. अगं, आपण बायका असं बोलतो का? वाचनामागे सतार वाजत ठेवणाऱ्यांना तर मी ऐकतच नाही. रडायचं कधी ते माझं मला कळतं. आणि चाकातला ‘च’ आणि चंद्रातला ‘च’ ज्याला वेगळा काढता येत नाही, त्याने माझ्या कानाशी येऊच नये. लॅबमधला पोरगेलासा तंत्रज्ञ सगळं दीडपट वेगाने ऐकतो. मी त्याला म्हटलं, “अरे, जेवतोस पण असाच का?” तर म्हणतो, “हो.”

हे सगळे नखरे तुझ्यामुळे आहेत, हे तुला कधी सांगितलंच नाही. पाचवीपासून दहावीपर्यंत माझं एकेक पुस्तक तू मला वाचून दाखवलंस. माझी वेणी घालताना इतिहास, भांडी विसळताना भूगोल. तुझा स्वतःचा अभ्यास त्यानंतर. तुला जेव्हा कॉलेजात कमी गुण पडले, तेव्हा घरात सगळे तुला बोलले आणि तू एका शब्दाने माझं नाव घेतलं नाहीस. तू वाचताना आवाज काढायची नाहीस, हातवारे नाहीत, काही नाही. फक्त वाईट काही येणार असलं की तुझी गती जराशी उतरायची, आणि मी सावरून बसायचे. पुढे स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत तू तीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांगितल्यास, तेव्हा रांगेतली माणसंसुद्धा तुझं ऐकून शांत व्हायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला त्यांचा हेवा वाटायचा. हा आवाज आधी माझा होता, असं.

तर तुला सांगायची गोष्ट वेगळीच आहे. या सगळ्या वाचणाऱ्यांत एक आहेत, मी त्यांना सावकाश काका म्हणते. सत्तरीचे असावेत. ते पुस्तक आपल्यासमोर ठेवतात आणि स्वतः बाजूला सरकून बसतात. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या आवाजात एका नावाड्याच्या कुटुंबाची भली मोठी कादंबरी ऐकत होते, एकतीस तासांची. तेरा प्रकरणं कशी गेली कळलं नाही. चौदाव्यात सासूबाई आल्या, आणि त्या शिट्टी वाजवत आल्या. मी हातातलं मेण खाली ठेवलं. मागे जाऊन पुन्हा ऐकलं. ‘सासूबाई’, ‘सकाळ’, ‘सोसणं’, प्रत्येक ‘स’च्या शेपटीला बारीकशी शिट्टी. पंधराव्यात त्यांनी ती दाबायचा प्रयत्न केलेला कळत होता, ‘स’ आला की वाक्य घाईने उरकायचे. सावकाश काका आणि घाई! सोळावं प्रकरण लावलं तर भलत्याच कुणा तरुणाचा आवाज.

इतरांना काय वाटलं असेल ते असो, मला दात दिसले. वरची नवी कवळी, पुढच्या दातांमागे टाळूवर भर चुकीची. जिभेला वारा सोडायला नीट वाट नाही. मी पुस्तक कंपनीला निरोप पाठवला. लिहायचा नव्हता, फोनमध्ये बोलायचा होता म्हणून जमलं. म्हटलं, “तेराव्या आणि चौदाव्या प्रकरणाच्या मध्ये यांनी कवळी बसवली आहे. दोष वाचणाऱ्याचा नाही, कवळीचा आहे, आणि तो दुरुस्त होतो.” शेवटी आमची लॅब ज्या दवाखान्यात आहे त्याचा पत्ता सांगितला. आमच्या डॉक्टरीणबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, “आता पुस्तकं ऐकून पेशंट आणणार का तुम्ही?”

तीन आठवड्यांनी ते आले. उंच, वाकलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा. आले ते खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली. मला चिठ्ठी, विचार कर! मी म्हटलं, “काका, मला वाचता येत नाही धड. तुम्हालाच बोलावं लागेल.” त्यांनी चिठ्ठी परत खिशात घातली. मग तोंडावर हात धरून विचारलं, “कुठल्या शब्दाला कळलं?” मी सांगितलं, “सासूबाईंना.” तर हात बाजूला झाला आणि माणूस खळखळून हसला. मग हळूहळू सगळं बोलले. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीने अगदी अदबीने ‘थोडी विश्रांती घ्या’ म्हटलं होतं. घरी बायकोला त्यांनी सांगितलं की वाचायचा कंटाळा आला. तीन महिने त्यांनी घरात कामापुरतंही बोलणं टाकलं होतं. नातीला गोष्ट सांगायची वेळ आली की फिरायला निघून जायचे.

डॉक्टरीणबाईंनी नव्याने माप घेतलं आणि मी मेणातली कवळी तयार केली. ती तोंडात बसवायची, काकांनी वाचायचं, मी डोळे मिटून ऐकायचं, मग काढून केसभर खरवडायचं किंवा केसभर मेण चढवायचं. पहिल्या दिवशी शिट्टी गेली पण ‘त’ जड झाला. दुसऱ्या खेपेला ‘त’ सुटला तर शिट्टी परत. ते वैतागले. म्हणाले, “राहू द्या हो. या वयात कोण ऐकतंय?” मी म्हटलं, “मी ऐकतेय. सोळाव्या प्रकरणापाशी अडकून बसलेय.” तिसऱ्या खेपेला त्यांनी ती कादंबरीच बरोबर आणली आणि सोळावं प्रकरण उघडलं. अर्धं पान झालं, एक पान झालं. मी डोळे उघडले तर बाहेर बसलेले लोक दारात येऊन उभे. गाल सुजलेल्या एक बाई होत्या, त्यांचा नंबर पुकारला तर गालावर हात दाबून म्हणाल्या, “थांबा हो, नाव उलटली का ते कळू दे आधी.” काकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या बाईंसाठी म्हणून आणखी एक पान वाचलं.

चौदाव्या प्रकरणापासून पुढचं सगळं पुन्हा त्यांच्याच आवाजात झालंय. अगदी पहिल्यासारखं आहे का? नाही. ‘श’ थोडा बसलेला आहे, ‘स’ कधी कधी संध्याकाळी थकतो. मला कळतं, इतरांना बहुधा कळत नाही. त्यांची बायको म्हणाली म्हणे, “हा नवा ‘श’ बरा आहे, जुन्यात तुम्ही रागावल्यासारखे वाटायचात.” आणि ताई, अगदी खरं सांगते, मला शेवटची पंधरा प्रकरणं जास्त आवडली. 

आता हे सगळं तुला का लिहिलं ते. गेल्या आठवड्यात भावोजींशी बोलले. ते सांगणार नव्हते, मीच खोदून काढलं. तुझ्या टाळूच्या ऑपरेशनला सात महिने झाले. गाठ गेली, तिच्याबरोबर चार दात आणि टाळूचा तुकडा गेला, पण तू राहिलीस. त्यासाठी मी रोज कुणाकुणाचे आभार मानते ते माझं मला माहीत. पण तू बोलणंच सोडलं आहेस, फोन वाजला की आतल्या खोलीत जातेस, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, दमली असेल, म्हणून निरोप पाठवतेय. ते निरोप मला फोन वाचून दाखवतो, यंत्राच्या आवाजात. ‘मी बरी आहे’ हे तुझं वाक्य मला यंत्र सांगतं, ताई. हॉस्पिटलने टाळूच्या जागी बसवायला दिलेली प्लेट सैल आहे, त्यामुळे शब्द नाकातून निसटतात, असं भावोजी म्हणाले. आमच्या डॉक्टरीणबाई तुझ्या डॉक्टरांशी बोलल्या आहेत, नवीन माप घ्यायला त्यांची हरकत नाही. पंधरा दिवस माझ्याकडे राहायला ये. प्लेट मी माझ्या हाताने करीन. तू वाचायचंस, मी खरवडायचं. पूर्वीचा आवाज जसाच्या तसा येईल असं खोटं वचन देत नाही. थोडं नाकात राहील, थोडं बदलेल. मी जी काही आहे ती ज्या आवाजाने झाले, तो बदललेला ऐकायला मी काही परकी नाही. रविवारी सकाळी दहाला फोन करते. भावोजींना बजावलं आहे, त्यांनी उचलायचा नाही. तू उचल. ‘हॅलो’ नाही जमलं तर नुसतं ‘हं’ म्हण. तेही लगेच नको, तुला हवा तेवढा वेळ घे. मी फोन धरून बसेन.

तुझीच,
धाकटी