तुझी गाडी विकली आहे

राजे,

उठल्यावर खाली गाडी दिसणार नाही. चोरी झाली म्हणून बोंब मारू नकोस. मीच विकली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं काल पैसे दिले आणि आज सकाळी गाडी नेली. कागद माझ्या नावावर होते, त्यामुळे तुझी सही लागली नाही.

परवा बँकेचा वसुलीवाला माझ्या कामावर, दवाखान्यात आला. बाकावर पेशंट बसलेले आणि हा काउंटरवरून मोठ्यानं म्हणतो, "ताई, तुमच्या भावानं दुकानाच्या कर्जाचे चार हप्ते बुडवलेत. जामीन तुम्ही आहात." दर महिन्याला अर्धा पगार मी तुझ्या हातात ठेवत होते. भरलास का विचारलं की "कटकट करू नकोस" म्हणून माझ्यावरच खेकसायचास. तुझं दुकान बुडालं तेव्हा मी एका शब्दानं बोलले नाही. धंदा आहे, बुडतो. पण घरच्याच माणसाला टोपी घालायची?

गाडीच्या पैशांतून चारही हप्ते काल भरले. पावती माझ्याकडेच राहील. यापुढे बँकेत मी जाणार आणि निम्मी रक्कम तुझ्याकडून एक तारखेला घेणार. कुठून आणायची ते तू बघ, पायांना चालायची सवय लाव.

जेवण आईपुरतंच केलं आहे.

तिला यातलं काही माहीत नाही. आज मी घरी यायच्या आत तू स्वतः सांगायचंस. आणि सांगताना रडू नकोस. तू रडलास की ती तुझीच समजूत काढत बसते आणि वाईट मी ठरते.

ताई