आधी येईल त्याचा फोक

कार्तिक वद्य २, सोमवार
आपल्या रानात खताला सिदू धनगराची मेंढरं बसलीत. त्याचा पोरगा बिरू दूध घेऊन आला. तांब्या हातात ठरंना. मनलं, काय नवरदेव, बायकूनं चोपलं का? हसला न्हाई. तळहात उघडून बघितले, वळच वळ.
शाळेतली जुनी रीत. आधी येईल त्याच्या हाती पंतोजी निरगुडीचा फोक देतेत, मागून येनाऱ्याला त्यानं हानायचं. जितकं मागं तितकं जास्त. शाळा पाटलाच्या ओसरीवर, मंग पाटलाचा पोरगा दाजी रोज पहिला. बिरू रोज शेवटचा.
सिदू मनतो, "बास झाली शाळा. रविवारी मेंढरं हालवतो, ह्याला घेऊन चाललो." मनलं, तवर दम धर. लेकराला आत्ता कुठं जोडाक्षर याया लागलंय.

वद्य ३
धुनं घेऊन ओढ्यावर गेलते. तिथं कळलं, बिरू रोज शेवटचा कावून ते. दाजीच्या टोळीतली दोन पोरं वाटंत उभी. बिरूची घोंगडी बाभळीवर फेकली. "मेंढरावानी बें कर, मंग देतो." बिरूनं बें केलं. तरी देईनात. मी धावले तवा पळाली.
बाया हसत व्हत्या. पाटलीन मनली, "पोरांचा खेळ हाय. तू न्हाई का गोदाक्का, सगळ्या गावाची टर उडवीत?"
उडवते की. तुला तोंडावर भोपळा मनते, तू मला उंडगी मनतीस, मंग दोघी बसून तंबाखू खातो. ह्या लेकरानं दाजीला काय मनावं? उलट बोलायची सोय न्हाई, तिथं कसली आलीय टर. लई डोकं तापलं. धुनं तसंच वलं घरी आनलं.

वद्य ४
पंतोजीकडं गेले. मनले, "रीत हाय, आक्का. पोरानं येरवाळी उठून यावं." वाटंत अडवतेत, मनलं. तर माडीकडं बघून हळूच, "माझं दानापानी पाटलाकडंच हाय."
आमचे वडीलबी पंतोजीच. त्यांच्या पाठीमागं बसून मी अक्षर शिकले. पर असं घाबरून बोलताना त्यांना कधी बघितलं न्हाई.
जाऊ द्या. एक सुचलंय. बिरूला झोपाया आपल्याकडं आनते.

वद्य ५
कोंबड्याच्या आधी उठवलं, ओसरीपशी सोडून आले. बिरू पहिला. फोक त्याच्या हाती. दाजीचं तोंड आंबट झालं मनं. आडावर सगळ्यांना सांगितलं. पाटलीनीला दोनदा.

वद्य ६
कुंभारीन दारात. कडंला तिचं उलीसं लेकरू, हात सुजून भाकरीवानी. बिरूनं मारलं. कालबी, आजबी. दाजीला नुसता टेकवला.
"कावून रे?" बिरूला इचारलं.
"दाजीला मारलं तर वाटंत धरील. ह्याला कोन हाय?"
राग बिरूचा, पंतोजीचा, माझाबी. लई शानी समजत व्हते सोताला. पहिला कोन बसतो ह्यात कायबी न्हाई. त्यो फोकच नको.

वद्य ७, शनवार
आज शाळेत पहिली मी.
पंतोजी मनले, "आक्का, हे काय?" मनलं, रीत हाय न्हवं? आधी आले. आना फोक. दिला, करतेत काय. घेतला बुडाखाली अन् बसले. एकेक पोरगं हात पुढं करून येई. मनलं, हात नको, नाव सांग. दाजीनंबी हात पुढं केला. डोळे गच्च मिटून.
पाटील दात घासत भाईर आले. सकाळच्या पारी दारात माझं रांडमुंड तोंड, अपशकुनच. "रोज येनार का गं तू?"
"फोक चुलीत घाला, तोंड दिसायचं न्हाई."
"परत आलीस तर चावडीवर उभी करीन."
करा मनलं. तिथंबी आधीच येते.
सांजंला बिरू कुंभाराकडं जाऊन आला. काय बोलला सांगंना.
उद्या अष्टमी, रविवार, शाळा बंद. सिदूनं इचारलं, "परवा तिथं फोक असंल का?"
मनलं, ठावं न्हाई. मी असंन.
त्यानं मेंढरांची जाळी गुंडाळाया घेतलीवती, ती हातातच राहिली.