बिनत्रिकोणाची बाटली

प्रिय पौर्णिमा,

सप्रेम जयभीम. पत्र पाहून दचकू नकोस. काल दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा "जेवलीस का" एवढंच विचारून ठेवला. फोनवर तू मधेच "असू दे, दादा" म्हणतेस, मला तेवढंच हवं असतं, आणि पुढचं राहून जातं. म्हणून लिहितोय. सकाळपासून तीनदा बसलो, तीनदा उठलो. आई विचारते, "कुणाला लिहायलास एवढं?" तिला अजून काही सांगितलेलं नाही.

आईचे गुडघे बरे आहेत. नांदूरघाटात यंदा कापूस छातीच्या वर गेलाय आणि बोंडअळीही तशीच. सहा वर्षांपूर्वी आपण कृषी सेवा केंद्र टाकलं, तेव्हा तिसऱ्या फवारणीला शेतकरी कुरकुरायचा. यंदा सातवी चालू आहे. पंपात एकच औषध आता कुणी टाकत नाही. तीन-चार एकत्र, वरून टॉनिक. कुणी सांगितलं विचारावं, तर शेजाऱ्याने, मोबाईलवरच्या व्हिडिओने, नाहीतर मी. बहुतेक वेळा मीच. मी बारावी पास, तरी लोक मला डॉक्टर म्हणतात आणि मला ते आवडायचं.

बंकटमामा तुला आठवत असेल. शेळ्या राखतो, आणि हंगामात रोजाने लोकांच्या रानात फवारायला जातो. पोळ्यानंतरच्या आठवड्यात तो दुकानात आला. म्हणाला, "नवनाथ, अळी हटंना. जालीम कायतरी दे." मी दोन नेहमीची औषधं दिली आणि एक तिसरी बाटली. ती एक एजंट आणून देतो. तिच्यावर हिरवं पान आणि 'जैविक' एवढा शब्द. कंपनीचा पत्ता नाही, आत काय ते नाही, त्रिकोणही नाही. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, हे तूच मला शिकवलं होतंस. त्रिकोण नाही म्हणजे विष नाही, अशी मी माझी समजूत काढली. खरं तर त्या बाटलीने अळी तासाभरात खाली पडायची, आणि जैविक औषधाने अळी अशी पडत नाही, हे मला कळत होतं. खप होता. मी विचारलं नाही.

त्याच दिवशी तो फवारायला गेला, आणि दुपारी साडेतीनला चतुरामामी रानातून अनवाणी धावत दुकानात आली. "मामा कसंतरीच करायलेत, चला." मामा बांधावर पडला होता. तोंडातून लाळ, अंग थरथरत होतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झालेल्या. गाडीत घालून अंबाजोगाईला नेलं. मामीने तिन्ही बाटल्या पिशवीत भरून सोबत दिल्या होत्या. डॉक्टरबाईंनी दोन वाचल्या आणि लगेच नर्सला इंजेक्शन सांगितलं. तिसरी उलटसुलट करून पाहिली. "यात काय आहे?" मी म्हटलं, "जैविक आहे." "ते वाचलं मी. आत काय आहे?"

त्या रागावल्या नाहीत. "लक्षणं बघून चालवू," म्हणाल्या आणि वळल्या. पौर्णिमा, डोकेदुखीची साधी गोळी घेतली तरी तिच्या पाकिटावर आत काय ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आणि माणूस आडवा करणारी वस्तू मी पानाच्या चित्रावर विकत होतो.

मामा अकराव्या दिवशी घरी आला. जीव वाचला, पण हात थांबत नाहीत. चहा मामी बशीत ओतून पाजते. मी भेटायला गेलो तर म्हणाली, "तुमी गाडी काढली म्हून वाचले. लई उपकार झाले." मी माझा चहा तसाच ठेवून उठलो.

दोन दिवसांनी एजंट आला. सगळ्या दुकानांतून त्या बाटल्या गोळा करत होता. "ऱ्हायलेला माल द्या, बदलून देतो. माणूस वाचलाय, कुणाची तक्रार न्हाई. कावून वाढवता?" मी खोकं उचलून काउंटरवर ठेवलंसुद्धा. मग विचारलं, "आत काय हाय?" तो हसला. "मला काय ठावं? मी नुसता इकतो." पौर्णिमा, मला कुणी विचारलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो. खोकं मी परत आत नेलं.

सोमवारी ते घेऊन केजला कृषी कार्यालयात गेलो. साहेबांनी पंचनामा केला, नमुने काढले. येताना मामाच्या घरी थांबलो आणि मामीला सांगितलं, बाटली माझीच होती, आत काय ते मलाच माहीत नव्हतं. ती शेळ्यांना पाला टाकत होती, टाकतच राहिली. मग म्हणाली, "ठावं होतं. त्या दिशी पिशवी मीच भरून दिलती. आता दुसऱ्या कुणाला दिऊ नका." तिने शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

आता मूळ गोष्ट. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "परवाना कुणाच्या नावावर?" परवान्याला शेतीचं शिक्षण लागतं, म्हणून तू पदवीधर झालीस त्या वर्षी मी तुझ्या सह्या घेतल्या. "नुसतं नाव लागतं," म्हणालो होतो. परवा मी लेखी जबाब दिला: दुकान मी एकटा चालवतो, बहीण चार वर्षं पुण्यात आहे, तेव्हापासून तिचा पाय दुकानाला लागलेला नाही. साहेब म्हणाले, "मग नोटीस तिलाही जाणार. नाव तिने वापरू दिलंय." आठवड्याभरात ती तुझ्या हाती पडेल. तुझी मुख्य परीक्षा महिन्यावर आली आहे, आणि तीही कृषी अधिकाऱ्याची. तिच्यावर याचा काय परिणाम होईल, मी साहेबांना विचारलं. त्यांनाही सांगता आलं नाही. मी तुला ओळखतो. मला वाचवायला तू खोटंच म्हणशील, "मी दर महिन्याला यायचे, माल माझ्या नजरेखालून जायचा," आणि माझ्यावरचं अर्धं स्वतःवर घेशील. तसं करू नकोस. जे खरं आहे तेच लिहून दे, माझ्या विरोधात गेलं तरी. नोटिशीच्या आधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून पत्र स्पीड पोस्टाने टाकायला आत्ता केजला निघालोय.

तुझाच,
नवनाथदादा