झेंडूच्या माळेतली फट

सातपूर, नाशिक
सप्टेंबर २००३

ती. धोंडीराममामा व सौ. मामी यांस दीपमालाचा सा. नमस्कार.

इकडे सगळे बरे आहे. आईचा गुडघा दुखतो, पण तो मूळचाच. परवा फोनवर तुमचा आवाज इतका खणखणीत होता (पलीकडच्या टेबलावरच्या उज्ज्वलालाही शब्दन्‌शब्द ऐकू आला) की तुमची प्रकृती उत्तम आहे असे धरून चालते. "दीपे, ज्याच्याशी बांधावरून बोलणं नाय, त्याच्या नावाला माझं नाव चिकटवलं व्हय?" असे विचारून तुम्ही उत्तराआधीच फोन ठेवलात. म्हणून उत्तर लेखी देते.

तुमची फुले घेणाऱ्या वाल्मीकशेठची वेबसाइट करण्याचे काम तुमच्याच शब्दामुळे माझ्याकडे आले. ती दसऱ्याला उघडायची आहे, आणि शेठना पसंत पडली तरच आमचे साहेब मला कायम करणार आहेत. पानाच्या वरच्या कडेला मी झेंडूची माळ लावली: एक केशरी फूल, एक पिवळे, पुन्हा केशरी, अशी. शेठ बघून म्हणाले, "ताई, ही माळ हाय का कुंपण? पलीकडचं दिसतंय की!" फटी होत्या, हे मान्य. कारण असे, की पान आम्ही हाताने लिहीत नाही, साच्यातून काढतो. साच्यात "प्रत्येक फुलासाठी हेच पुन्हा कर" अशी सूचना असते. पान तयार होताना सूचना गळून पडते, पण ती ज्या ओळीवर होती त्या ओळीचा शेवट मागे राहतो आणि ब्राउझर तिथे एक मोकळी जागा दाखवतो. (पंगत उठली तरी पाट तिथेच राहावेत, तसे. ही उपमा मामींसाठी.) उपाय सोपा आहे. सूचनेच्या कडेला एक उणे चिन्ह घातले की ती जाताना शेजारची मोकळी जागाही घेऊन जाते. मी घातले. माळ गच्च झाली, शेठ खूश झाले.

मग मी तेच चिन्ह साच्यातल्या झाडून सगळ्या सूचनांना घातले. (एका पानाला एक नियम. तर्कात चूक नव्हती.) खाली फुले पुरवणाऱ्या मळेवाल्यांची नावे होती, आणि त्यांच्या मध्येही तेवढी एक मोकळी जागाच होती. ती गेली. भिमाबाई, पुंजा, धोंडीराम आणि सहादू मिळून एकच लांबलचक माणूस झाला. शेठनी तो न वाचताच द्वारका चौकातल्या सायबर कॅफेतून छापून आणला आणि गाळ्यावर डकवला. तिथे तुम्ही तो वाचलात. सहादूकाकांनीही वाचला आणि "ह्याच्या शेपटाला मला का बांधलं?" असे शेठना विचारले. म्हणजे या एका मुद्द्यावर तुम्हा दोघांचे एकमत आहे, याची नोंद घ्यावी.

आता प्रत्येक नाव स्वतंत्र ओळीवर आहे, आणि तुमच्या व सहादूकाकांच्या मध्ये भिमाबाईंना बसवले आहे. गाळ्यावरचा कागद मी स्वतः काढला. ही चूक पुन्हा होणार नाही. तेव्हा "शेठला एक फूल देणार नाय" हा निश्चय मागे घ्यावा. तुमची फुले थांबली तर शेठ साइट थांबवतील, आणि पुढचे तुम्ही जाणताच.

आपली भाची,
दीपमाला

ता. क. शेठच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर माळेत मधोमध एक फट अजून दिसते. उद्घाटन त्याच कॉम्प्युटरवर आहे. फटीचे कारण मला ठाऊक आहे. उपाय सापडलेला नाही. तरी दसऱ्याला खरी माळ घेऊन यावे. मॉनिटरच्या वरच्या कडेला बांधू. चित्र पूर्ण झाकले जाईल एवढी जाड हवी.

ता. क. २. चित्रात केशरी आणि पिवळे एकाआड एक आहे. तुमच्याकडे नुसता पिवळा. केशरी सहादूकाकांच्या मळ्यात आहे, म्हणून त्यांना मी आधीच विचारले. फुले देतो म्हणाले, पण अट घातली: "ओवायला मी सोबत बसणार. धोंडीराम माळ ढिली ओवतो." मी होकार दिला आहे. दोघे बसाल तेव्हा कृपया मध्ये जागा सोडू नका.