सहा खुर्च्यांचा अर्थ

१९ जुलै, सकाळी ७
आजपासून शिस्त. २७ ला, रविवारी, चित्रपट मंडळात माझं भाषण. विषय: तो जुना काळापांढरा परदेशी सिनेमा. गेल्या महिन्यात साठ जणांनी पाहिला, एकालाही कळला नाही. चहाच्या वेळी सगळे माना खाली घालून उभे होते. मी म्हणालो, यात अवघड काय आहे? मंडळाचे चिटणीस अल्लाउद्दीन सर तिथल्या तिथं म्हणाले, मग विजयसिंह, तुम्हीच समजावून सांगा. व्हीआरएस घेतल्यापासून पहिल्यांदाच कुणी मला काही समजावून सांगायला सांगितलंय.
मधली चाळीस मिनिटं मला झोप लागली होती, हे खरं. पण झोपेतही माणूस ऐकत असतो.
कथा सोपी आहे. दूरच्या ग्रहावर वेधशाळा. जेवणाच्या टेबलाभोवती सात खुर्च्या. घंटा वाजते. दुसऱ्या दिवशी एक खुर्ची रिकामी. पुन्हा घंटा, पुन्हा एक रिकामी. शेवटी एकच शास्त्रज्ञ उरतो, तो वहीत काहीतरी लिहीत बसतो. मग चार मिनिटं नुसता पांढरा पडदा. संपला.
नदीचं पाणी बंधाऱ्यावर ३३ फूट. गल्लीच्या ग्रुपवर येतं म्हणून लिहिलं.

२१ जुलै, दुपारी
दुसऱ्यांदा पाहिला. सात खुर्च्या म्हणजे सात चक्रं. पाच पानं लिहून झाल्यावर दिसलं की एक खुर्ची मोडकी आहे, तिच्यावर कुणी बसतच नाही. म्हणजे सहा. षड्रिपू. जमलं.
आई मेथी निवडत शेजारी बसली होती. म्हणाली, घंटा झाली की जायाचं असतंय, ह्यो येडा बसलाय कशाला? आईला प्रतीक वगैरे कळत नाही.
३७ फूट.

२२ जुलै, रात्री ८
तेजस्वी म्हणाली, चला, माझ्या माहेरी गडमुडशिंगीला जाऊ. मी म्हणालो, रविवारनंतर. तिने रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मुलीचं दप्तर पिशवीत भरलं आणि मुलीला घेऊन गेली. बायकोनं भांडायला पाहिजे होतं. न भांडता गेली, हे बरं वाटलं नाही.
आई गेली नाही. म्हणाली, ह्यो जेवल्याबिगर बसंल, मी जात न्हाय. तिचे गुडघे दुखतात, प्रवास नकोच. शिवाय चहाची सोय झाली.
इशारा पातळी ओलांडली. ३९ फूट ४ इंच.

२३ जुलै, सकाळी ९
आमच्या गल्लीत हवामान खात्यापेक्षा केरबाच्या म्हशींवर जास्त विश्वास. केरबा आमचा शेजारी, दोन म्हशी. म्हशी हलल्या की गल्ली हलते. आज सहा वाजता हलल्या.
केरबा दारात आला. म्हणाला, इजयभाऊ, ट्रॅक्टर हाय, म्हातारीला बसवा की. मी त्याला भिंतीवरची तांबडी रेघ दाखवली. २०२१ ला पाणी तिसऱ्या पायरीवर थांबलं, तेव्हा मीच ऑइलपेंटनं मारली होती. घरात पाणी आलं नव्हतं, येत नसतं. केरबा म्हणाला, ती रेघ तवाची हाय. आता पलीकडं रस्त्याला भराव टाकलाय. पाणी जाणार कुठनं? मी म्हणालो, पुरावा माझ्या भिंतीवर आहे. तो चालतंय म्हणाला. जाताना माझ्याकडे नाही, आईकडे बघून गेला.
गल्लीत आता एकही आवाज नाही. म्हशीचा नाही, मिक्सरचा नाही, कुणाच्या भांडणाचासुद्धा नाही. एकाग्रतेला उत्तम. तरी तीनदा उठून दार बघून आलो.
षड्रिपू रद्द. लोभ, मत्सर एकेक करून टेबलावरनं उठून गेले असते तर मागे राहिलेला सुखी दिसला असता. तो घाबरलेला दिसतो. का, ते शोधायचं आहे.
४२.

२४ जुलै, सकाळी ११
लाइट गेली. लॅपटॉप ६१ टक्के. पाणी दुसऱ्या पायरीला. धोका पातळी काल संध्याकाळीच ओलांडली.
महापालिकेची भोंग्याची गाडी चौकातनं ओरडून गेली. गल्लीत शिरता येत नव्हतं वाटतं. ऐन वेधशाळेच्या प्रसंगात ओरडली, संवाद बुडाला. हेडफोन लावले.
अल्लाउद्दीन सरांचा फोन. मला वाटलं भाषणाची आठवण करतायत. म्हणाले, भाषण रद्द, हॉल पूरग्रस्तांना दिलाय, तुम्ही निघालात ना? मी म्हणालो, निघतोच. रद्द म्हणजे पुढे ढकललं. म्हणजे तयारीला आणखी वेळ मिळाला.
आई एकटीच पिठाचे डबे वर नेतेय. मी म्हणालो, ठेव, हा प्रसंग झाला की मी नेतो. तिने ऐकलं नाही.

२४ जुलै, संध्याकाळी ५
तांबडी रेघ दिसत नाही. पाण्याखाली गेली. बहुतेक तेव्हा जरा खालीच मारली गेली असावी.
पाणी उंबऱ्यावरनं आत आलं तेव्हा काही आवाज झाला नाही. मला वाटायचं मोठा आवाज होतो.
वरच्या खोलीत आलोय. केरबाला फोन लागत नाही. तेजस्वीला लावला नाही, काय सांगणार? भीती वाटते. इथे लिहून ठेवतो, ही वही कुणी वाचणार नाही.
बॅटरी ९ टक्के. पांढऱ्या पडद्यापर्यंत पोचलोय. बहुधा आज कळणार.
आई स्टोव्ह आणायला खाली गेलीय. दुपारी मीच म्हणालो होतो, चहा मिळाला असता तर बरं झालं असतं. तेव्हा म्हणालो होतो, आता नव्हे. हाक मारतोय, ओ देत नाही. बघून येतो.

२६ जुलै
हॉस्पिटल. परवा आई जिन्यावरनं पाण्यात पडली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. तिला वर ओढून घेतलं, ती ओरडली नाही, नुसती माझा शर्ट धरून बसली. काल पहाटे बोट आली. पुढे केरबा बसला होता, घर दाखवायला. त्याने बोटवाल्यांना रात्रीपासून दहादा सांगितलं होतं म्हणे, तिथं माणसं हायत.
लॅपटॉप, वह्या सगळं आणलं. आईचा चष्मा राहिला.

२७ जुलै, रविवार
मंगळवारी ऑपरेशन. वय चौऱ्याहत्तर, शुगर आहे. डॉक्टर म्हणाले, खात्री देता येत नाही.
मग त्यांनी विचारलं, पाणी वाढताना दिसत होतं, तर यांना तिथं ठेवलं कशाला? तेजस्वी शेजारी उभी होती, केरबा दाराशी. माझ्याकडे एकतीस पानांचं स्पष्टीकरण तयार आहे. त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना.
आई म्हणाली, त्याला काय इचारतायसा डॉक्टर? तो लय म्हणत हुता चल, चल. मीच हटून बसलो हुतो.
नर्सनं तसं लिहून घेतलं. केरबा बाहेर निघून गेला.
नंतर पॅसेजमध्ये तेजस्वीनं विचारलं, आई म्हणाल्या ते खरं का?
मी हो म्हणालो.